कोण आले नाही, तेही मोजा

(नगरातील आरोग्यविषयक उपक्रमांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात एका ज्येष्ठ पत्रकाराने केलेल्या भाषणाचे शब्दांकन.)



आरोग्याच्या विषयावर बोलण्यासाठी खरे तर आपण एखाद्या वैद्याला किंवा व्यायामशिक्षकाला बोलवायला हवे होते. मी कला शाखेचा पदवीधर आणि आयुष्यभर बातम्या लिहिणारा माणूस. परंतु संयोजकांनी विषय दिला तो 'व्यायामाच्या स्थानिक उपक्रमांचे मूल्यमापन' असा. या परीक्षेत मी स्वतः एकदा सपशेल नापास झालो आहे. म्हणून बोलण्याचा थोडासा अधिकार मला आहे, असे समजतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातील उद्यानात चालण्यासाठी फरसबंद मार्ग तयार झाला. व्यायामाची लोखंडी साधने बसविण्यात आली. उद्घाटनाची बातमी मीच लिहिली. मार्गाची लांबी, झालेला खर्च, साधनांची संख्या, उपस्थित मान्यवरांची नावे, सारे काही त्या बातमीत होते. 'नागरिकांचा उत्स्फूर्त प्रतिसाद' हे ठरलेले शब्दही होते. पुढे मलाही मधुमेह जडला, डॉक्टरांनी चालण्याची आज्ञा केली आणि मी रोज सकाळी त्याच मार्गावर फेऱ्या मारू लागलो. तिथे भेटणारी मंडळी सर्व माझ्यासारखीच. कोणी बँकेतून निवृत्त झालेले, कोणी प्राध्यापक, कोणी दुकानदार. उद्यानाच्या मागच्या भिंतीला लागूनच एक सेवावस्ती आहे. त्या वस्तीतील एकही ओळखीचा चेहरा तिथे दिसत नाही, हे माझ्या ध्यानात यायला दोन वर्षे लागली.

आमच्याकडे घरकामाला येणाऱ्या मावशी त्याच वस्तीत राहतात. त्यांनाही मधुमेह आहे. एकदा मी सहज विचारले, "मावशी, तुम्ही बागेत चालायला का येत नाही?" त्या भांडी विसळता विसळता म्हणाल्या, "दादा, बाग उघडते तेव्हा मी तुमच्या मोरीत असते. संध्याकाळी घरी जावं तर पाण्याची वेळ. आणि आमच्या बाजूचं फाटक कधी उघडतं का? सगळा वळसा घालून पुढनं यायचं, तर तेवढ्यात माझं चालणं होऊनच जातं."

मित्रहो, त्या फाटकाला कुलूप होते. माझ्या बातमीत उद्यानाच्या खर्चाचा रुपयान् रुपया होता, पण हे कुलूप नव्हते.

जिना चढणारा वाहक

व्यायामाचा आणि हृदयाचा संबंध आज आपण गृहीत धरतो. या समजुतीला भक्कम शास्त्रीय पाया मिळवून देणाऱ्यांत ब्रिटिश डॉक्टर जेरी मॉरिस यांचे नाव अग्रभागी आहे. लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील चालक आणि वाहक यांचा त्यांनी अभ्यास केला. तो १९५३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. चालक दिवसभर आसनावर बसलेला. वाहक तिकिटे देण्यासाठी दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढणारा-उतरणारा. मुंबईच्या जुन्या दुमजली बसमध्ये ज्यांनी प्रवास केला आहे, त्यांच्या डोळ्यांसमोर हे दृश्य सहज उभे राहील. एकाच सेवेतील, साधारण एकाच सामाजिक स्तरातील ही माणसे. तरीही हृदयविकाराचे प्रमाण वाहकांमध्ये चालकांपेक्षा कमी आढळले.

एवढ्यावर थांबून टाळ्या घेता आल्या असत्या. मॉरिस थांबले नाहीत. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बससेवेच्या कोठारातील गणवेशांच्या मापांच्या नोंदी काढल्या आणि १९५६ मध्ये त्यांचा निष्कर्ष मांडला. तरुण वयातील चालकांच्या विजारींचे कमरेचे मापही वाहकांपेक्षा मोठे होते. म्हणजे दोघांमधील काही फरक कामाआधीचाच असू शकतो! स्वतःच्या शोधावर स्वतःच शंका घेण्याची ही वृत्ती म्हणजे मूल्यमापन. आपल्या उद्यानात सकाळी सहा वाजता येणारा मनुष्य ठणठणीत दिसतो, तो उद्यानामुळे ठणठणीत आहे, की ठणठणीत आहे म्हणून उद्यानात येतो? हा प्रश्न विचारल्याशिवाय अहवालावर सही करू नये.

याच मॉरिस यांचे नाव पुढे आणखी एका कामाशी जोडले गेले. १९८० साली ब्रिटनमध्ये आरोग्यातील विषमतेविषयी 'ब्लॅक अहवाल' प्रसिद्ध झाला. त्याच्या चार लेखकांपैकी ते एक. १९४८ पासून सर्वांना मोफत उपचार देणारी व्यवस्था असूनही वरच्या आणि खालच्या सामाजिक वर्गांच्या मृत्युदरांतील दरी मिटलेली नाही, हे त्या अहवालाने दाखवून दिले. त्याआधी, १९७१ साली वेल्समध्ये खाणकामगारांच्या गावात सेवा करणारे डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी एक कटू नियम मांडला होता. चांगल्या वैद्यकीय सेवेची गरज जिथे सर्वाधिक, तिथे ती सर्वांत कमी उपलब्ध असते, हा त्याचा आशय. उद्यानांचे आणि मैदानांचेही तसेच घडू शकते. जिना चढण्याचे महत्त्व ज्यांनी सांगितले, त्यांनीच जिना कोणाच्या वाट्याला येतो हेही तपासले. हे दोन प्रश्न वेगळे नाहीत.

श्रम म्हणजे व्यायाम नव्हे

आता आपल्या देशाकडे वळू. प्रौढ व्यक्तीने आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाची किंवा ७५ मिनिटे जोरकस शारीरिक हालचाल करावी, असा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष आहे. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २०२२ मध्ये भारतातील जवळपास निम्मे प्रौढ या निकषाला उतरत नव्हते. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के, तर स्त्रियांत ५७ टक्के. २००० साली एकूण प्रमाण सुमारे २२ टक्के होते. म्हणजे दोन दशकांत ते दुपटीहून अधिक वाढले.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या मधुमेहविषयक व्यापक पाहणीचा एक भाग २०१४ साली प्रसिद्ध झाला. तमिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड आणि चंडीगड येथील चौदा हजारांहून अधिक लोकांची त्यात पाहणी होती. त्यांपैकी ५४.४ टक्के निष्क्रिय आढळले. शहरांत हे प्रमाण ६५ टक्के, ग्रामीण भागात ५० टक्के. फावल्या वेळात व्यायाम किंवा खेळ असणारे लोक दहा टक्क्यांहूनही कमी होते.

यावर आपल्यातील कोणी म्हणेल, "हा सुखवस्तू लोकांचा प्रश्न. कष्टकऱ्याला व्यायाम कशाला हवा?" ही समजूत मी स्वतः बरीच वर्षे बाळगली. ती दोन कारणांनी चुकीची आहे. पहिले, आजच्या सेवावस्तीतील कष्टांचे स्वरूप बदलले आहे. सुरक्षारक्षक बारा-बारा तास खुर्चीवर असतो, रिक्षाचालक आसनावर असतो, शिलाई करणारी भगिनी यंत्रापुढे वाकलेली असते. यांच्या कामात थकवा आहे, पण शरीराला हवी ती हालचाल नाही. आणि ज्यांच्या कामात हालचाल आहे, त्यांच्या वाट्याला विश्रांती नाही, निवड नाही आणि पोषणही पुरेसे नाही. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या मावशींना 'व्यायाम करा' असे सांगताना आपली जीभ जरा अडखळायलाच हवी.

दुसरे कारण आकड्यांचे आहे. त्याच परिषदेच्या पाहणीचा पंधरा राज्यांतील ५७ हजारांहून अधिक लोकांचा अहवाल २०१७ साली आला. महाराष्ट्र, तमिळनाडू आणि चंडीगड यांसारख्या तुलनेने संपन्न प्रदेशांच्या शहरी भागांत मधुमेहाचे प्रमाण वरच्या आर्थिक स्तरापेक्षा खालच्या स्तरात अधिक आढळले. ज्याला आपण 'श्रीमंतांचा आजार' म्हणत होतो, त्याने आपल्या शहरांत घर बदलले आहे. औषधाचा खर्च मात्र गरिबाच्या घरी गेल्यावर कमी होत नाही.

अंगाने सडपातळ म्हणून निरोगी, हाही भ्रमच. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आपले आणि आपले ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले. उंची आणि वजन यांच्या प्रमाणातून निघणारा निर्देशांक दोघांचाही २२.३. परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! दिसायला बारीक असलेल्या भारतीय शरीरात चरबी लपलेली असू शकते, हे त्या एका छायाचित्राने जगाला सांगितले. तेव्हा वस्तीतील किडकिडीत माणसाकडे पाहून 'याला काय धाड भरली आहे' असे म्हणण्याची सोय आता उरलेली नाही.

चेन्नईच्या दोन वसाहती

स्थानिक उपक्रमाचे मूल्यमापन कसे असावे आणि त्यातून काय शिकावे, यासाठी मी चेन्नईचे उदाहरण नेहमी देतो. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात डॉ. व्ही. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील दोन वसाहतींची आरोग्यपाहणी केली. एक मध्यमवर्गीयांची, तिरुमंगलम भागातील. दुसरी अल्प उत्पन्न गटातील लोकांची, टी. नगर भागातील. मधुमेहाचे प्रमाण मध्यमवर्गीय वसाहतीत १२.४ टक्के आणि अल्प उत्पन्न गटात ६.५ टक्के निघाले.

पुढे जागृतीचे काम सुरू झाले. मध्यमवर्गीय वसाहतीतील रहिवाशांनी ते मनावर घेतले. त्यांनी आपसांत वर्गणी काढून स्वतःचे उद्यान उभारले आणि तिथे चालायला सुरुवात केली. आठवड्यातून तीनपेक्षा अधिक वेळा व्यायाम करणाऱ्यांचे प्रमाण आधी १४.२ टक्के होते, ते ५८.७ टक्क्यांवर पोहोचले. २००६ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. समाज स्वतः उभा राहिला तर काय घडते, याचा हा उत्तम नमुना आहे आणि त्या रहिवाशांचे मनापासून अभिनंदन केले पाहिजे.

परंतु संशोधक इथे थांबले नाहीत. सुमारे दहा वर्षांनी त्यांनी पुन्हा दोन्ही वसाहती तपासल्या आणि २०११ साली निष्कर्ष मांडला. मध्यमवर्गीय वसाहतीत मधुमेह १२.४ टक्क्यांवरून १५.४ टक्क्यांवर गेला होता, म्हणजे वाढ झाली पण मर्यादित. अल्प उत्पन्न गटाच्या वसाहतीत तो ६.५ वरून १५.३ टक्क्यांवर पोहोचला होता. दुपटीहूनही अधिक! दहा वर्षांपूर्वी निम्म्या अंतरावर असलेली वसाहत आता बरोबरीला आली होती.

यातून उतावळा निष्कर्ष काढू नका. दोन्ही वसाहती मुळातच वेगळ्या होत्या. कोणाला उद्यान मिळावे हे चिठ्ठ्या टाकून ठरले नव्हते. दहा वर्षांत गरिबांचा आहार बदलला, व्यवसाय बदलले, वाहने आली. हा सारा फरक उद्यानामुळेच पडला, असे म्हणणे अशास्त्रीय ठरेल. मॉरिस यांच्या विजारी इथेही आठवाव्यात. पण एक गोष्ट निर्विवाद आहे. संशोधकांनी केवळ पहिल्याच वसाहतीचा अहवाल लिहिला असता, तर आपण सगळ्यांनी 'यशस्वी उपक्रम' म्हणून टाळ्या वाजविल्या असत्या आणि दुसऱ्या वसाहतीत काय घडते आहे हे कोणालाच कळले नसते. वर्गणी काढण्याची ऐपत, बैठक घेण्याचा सराव, अधिकाऱ्यांकडे अर्ज नेण्याची हिंमत आणि सकाळचा मोकळा तास ही चारही भांडवले मध्यमवर्गाकडे असतात. म्हणून चांगला उपक्रम आपण सहज सोडून दिला, तर तो पाण्यासारखा उताराकडेच वाहतो. चढावर पाणी न्यायचे असेल तर खटपट करावी लागते.

पाच प्रश्न

२०१९ च्या २९ ऑगस्टला, राष्ट्रीय क्रीडादिनी, देशात 'फिट इंडिया' अभियान सुरू झाले. अशा अभियानांचे यश शेवटी गल्लीत ठरते, आणि गल्लीतील कामाचा हिशेब आपल्यालाच ठेवायचा असतो. अमेरिकेतील अभ्यासक रसेल ग्लासगो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली अशा उपक्रमांसाठी पाच कसोट्या सुचविल्या. त्या मी आपल्या भाषेत सांगतो.

पहिली कसोटी पोहोच. किती आले एवढेच नव्हे, तर ज्यांच्यासाठी उपक्रम होता त्यांच्यापैकी किती आले? दुसरी परिणाम. आलेल्यांच्या आरोग्यात काय बदल झाला आणि काही अपाय तर झाला नाही ना? तिसरी स्वीकार. किती शाळांनी, मंडळांनी, वस्त्यांनी हा उपक्रम आपला मानला? चौथी अंमलबजावणी. कागदावर ठरले तसे प्रत्यक्षात घडले का, की शिक्षक आठवड्यातून एकदाच आला आणि साधने गंजली? पाचवी सातत्य. पहिला उत्साह ओसरल्यानंतर, कार्यकर्त्याची बदली झाल्यानंतर, काय उरले?

पाचव्या कसोटीवर आपल्या महाराष्ट्राला काही सांगण्यासारखे आहे. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आणि पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ १९२४ पासून चालत आले आहे. कोल्हापुरात पेठापेठांतील तालमी आजही त्या त्या पेठेची ओळख आहेत. कोणत्याही योजनेशिवाय पिढ्यान् पिढ्या टिकणारी संस्था कशी उभारावी, हे आपल्या पूर्वसूरींना ठाऊक होते. तालीम घरापासून हाकेच्या अंतरावर होती, वस्ताद त्याच आळीतला होता, आणि न आलेल्या मुलाला बोलवायला कोणीतरी घरी जात असे. पण याच तालमींना पहिली कसोटी लावली, तर उत्तर अवघड होते. त्यांच्या हौद्यात बहुतेक ठिकाणी स्त्रियांना जागा नव्हती. आज निष्क्रियतेचे प्रमाण स्त्रियांत अधिक आहे, हे मघाचे आकडे आठवा. परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी तिची उणीवही आपलीच मानली पाहिजे.

प्रत्यक्षात काय करावे?

मोठ्या संशोधनाची आपली क्षमता नाही. त्याची आवश्यकताही नाही. एक वही, दोन कार्यकर्ते आणि थोडी चिकाटी एवढे पुरे. उपक्रम सुरू होण्यापूर्वी एक आठवडा, सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी एक आठवडा आणि पुढे दरवर्षी एक आठवडा मोजणी करावी. सकाळ, दुपार, सायंकाळ आणि रात्र अशा वेळा ठरवून उद्यानात किंवा मैदानावर किती जण आहेत ते नोंदवावे. स्त्रिया किती, पुरुष किती, मुले किती, वृद्ध किती, हे लिहावे. त्यांपैकी चालणारे किती आणि बाकावर नुसते बसलेले किती, हेही लिहावे. आणि सुरुवातीची नोंद कधीही चुकवू नये. आधी काय होते ते ठाऊक नसेल, तर नंतरच्या आकड्याला अर्थ राहत नाही.

दुसरे काम त्याहून महत्त्वाचे. घरोघरी संपर्काची पद्धत आपल्या अंगवळणी पडलेली आहे. तिचाच इथे उपयोग करावा. जे येतात त्यांना 'कसे वाटले' हे विचारण्यापूर्वी, जे येत नाहीत त्यांच्या दारी जाऊन 'का येत नाही' हे विचारावे. उत्तरे साधी असतात. दिवा नाही, तान्हे मूल कोणाकडे ठेवायचे, पाण्याची वेळ, टवाळ पोरांचा उपद्रव, सासूबाईंना आवडत नाही, चप्पल तुटलेली आहे, फाटकाला कुलूप आहे. यांतील प्रत्येक उत्तर म्हणजे एक काम आहे. ते काम झाले की नाही, हे पुढच्या वर्षीच्या अहवालाचे पहिले पान असावे. आणि अपयश लपवू नये. ज्या वस्तीत उपक्रम फसला, तिथल्या कार्यकर्त्याला बैठकीत सर्वांत आधी बोलू द्यावे. यशाच्या वृत्ताने मन प्रसन्न होते, अपयशाच्या वृत्ताने पाऊल सुधारते.

शेवटी त्या फाटकाविषयी सांगतो. आमच्यापैकी काही जणांनी अर्ज केले, हेलपाटे घातले. सुरक्षेचे कारण पुढे करण्यात आले. आमच्यातल्याच काही मंडळींना ते कुलूप हवेसे वाटत होते, हेही कबूल केले पाहिजे. अखेर मागचे फाटक संध्याकाळी उघडू लागले. तिथे एक दिवा लागला. आता वस्तीतील मुले येतात, काही भगिनी येतात, एक-दोन आजीबाई साधनांवर बसून झोके घेतल्यासारखे पाय हलवतात आणि हसतात.

मावशी मात्र अजून आलेल्या नाहीत. त्यांच्या घरी पाणी अजूनही त्याच वेळेला येते.

त्यामुळे या उद्यानाच्या यशाची दुसरी बातमी मी अजून लिहिलेली नाही. ती लिहिण्याआधी पाण्याच्या वेळेचा पाठपुरावा करायचा आहे. आरोग्य आणि पाण्याची वेळ यांचा काय संबंध, असे पूर्वी मीही विचारले असते. आपणही आपापल्या नगरात परत गेल्यावर प्रथम आपल्या उद्यानाची, आपल्या व्यायामशाळेची मागची बाजू पाहून या. तिथे कुलूप असेल, तर आपल्या अहवालाची सुरुवात तिथूनच करा.